लहान मुलाला घरच्या घरी गाणं शिकवायचंय? मग सुरुवात इथून करा

सांगलीत काय किंवा मिरजेत काय, मूल जरा गुणगुणायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, याला गाण्याला घाला. मग क्लासमध्ये चौकशी केली जाते, तिथले सर किंवा मॅडम वय विचारतात, पाच म्हटलं की म्हणतात अजून दोन वर्षांनी आणा, आणि मग ती मधली दोन वर्षं काय करायचं हे काही कुणी सांगत नाही. हा लेख त्या दोन-तीन वर्षांसाठी आहे, म्हणजे साधारण चार ते सात-आठ वयाच्या मुलांसाठी. मी स्वतः गाण्याच्या मध्यमा परीक्षेपर्यंत शिकलेय, माझ्या लेकीला घरीच बसवलं आणि मग विश्रामबागला आमच्या शेजारची पोरंही यायला लागली, त्यांच्याबरोबर बसून जे कळलं ते लिहितेय. तुम्हाला स्वतःला गाणं येत नसेल तरी यातलं ऐंशी टक्के करता येतं, त्यामुळे आपल्याला कुठं काय कळतंय असं म्हणून सोडून देऊ नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, घरी शिकवायच्या गोष्टी दोनच, कान आणि लय. राग, ताना, आलाप, परीक्षा हे सगळं नंतर गुरू बघतील. पण कान तयार नसलेलं मूल क्लासला गेलं की पहिलं वर्ष नुसतं सा लावण्यातच जातं आणि कंटाळून सुटतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

आधी ऐकणं

पहिले काही आठवडे गा म्हणायचंच नाही. सकाळी दूध पिताना, खेळणी पसरून बसलेलं असताना मागं हळू आवाजात तानपुरा लावून ठेवायचा, किंवा एखादं भजन, नाट्यगीत, बासरी, सनई, जे तुम्हाला मनापासून आवडतं ते. तुम्हाला आवडत नसलेलं शास्त्रीय संगीत मुलाच्या भल्यासाठी म्हणून लावू नका, मुलांना ते लगेच कळतं. दिवसभर टीव्ही चालू असेल तर याचा काही उपयोग नाही, तो बंदच पाहिजे, कारण सतत काहीतरी वाजत असलं की कान ऐकणंच सोडून देतो.

जोडीला आवाज ओळखायचा खेळ खेळा. डोळे मिटायला सांगायचं आणि वाटी, तांब्या, स्टीलचा डबा, काचेचा ग्लास यांच्यावर चमच्यानं वाजवायचं, कशावर वाजलं ते ओळख. मग दोन ग्लासांत कमी-जास्त पाणी घालायचं आणि कुठला आवाज वरचा, कुठला खालचा ते विचारायचं, ग्लासवर चमचा मारला तर जास्त पाण्याचा ग्लास खालचा सूर देतो. इथं एक लक्षात ठेवा, लहान मुलांचा वरचा सूर आणि मोठा आवाज यांत हमखास गोंधळ होतो. वर जा म्हटलं की ती ओरडतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना अजून तो फरक कुणी दाखवलेलाच नसतो. म्हणून वरचा सूर मुद्दाम हळू वाजवून दाखवायचा आणि खालचा सूर मुद्दाम जोरात, असं चार-पाच दिवस केलं की फरक कानाला कळतो. हाताची खूणही करायची, सूर वर गेला की हात वर, खाली आला की खाली. जिना असेल तर अजूनच छान, एकेक पायरी चढत सूर वर न्यायचा, उतरत खाली आणायचा.

मुलाची पट्टी शोधणं

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण घराघरांत जी मुलं बेसूर म्हणून बाजूला बसवली जातात त्यातली बरीचशी बेसूर नसतातच, त्यांना चुकीच्या पट्टीत गायला लावलेलं असतं. पट्टी म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं तो सूर.

बहुतेक वेळा होतं काय तर बाबांना थोडी पेटी येत असते, ते आपल्या सोयीनं पांढरी एक किंवा काळी एकला, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या किंवा पहिल्या काळ्या पट्टीला, सा धरतात, खालच्या पुरुषी आवाजात लावून दाखवतात आणि पोराला म्हणतात लाव असा. त्या पोराच्या गळ्यात तो सूर नाहीच, खाली इतका जातच नाही गळा. मग ते एकतर घुमल्यासारखं काहीतरी पुटपुटतं नाहीतर मधलाच कुठलातरी सूर पकडतं. म्हणून बाबांनी शिकवायचं असेल तर सूर स्वतःच्या खालच्या आवाजात न लावता वरच्या सप्तकात बारीक आवाजात लावून दाखवावा, ते जमत नसेल तर पेटीवर किंवा आईकडून, ताईकडून, आजीकडून लावून घ्यावा. मुलं बाईचा किंवा दुसऱ्या मुलाचा आवाज ऐकून सूर जास्त पटकन पकडतात. घरात मोठी बहीण असेल तर ती सगळ्यात चांगली मास्तरीण.

आता पट्टी कशी शोधायची. मुलाला काही न सांगता त्याच्या आवडीचं एखादं गाणं, शाळेतली कविता, काहीही म्हणायला लावायचं, वाद्य नाही, तानपुरा नाही, त्याच्या मनानं. खेळता खेळता म्हणत असेल तर उत्तम. गाणं शेवटी जिथं येऊन टेकतं तो सूर बहुतेक वेळा त्याचा सा असतो. तो सूर तुम्ही गुणगुणत धरून ठेवायचा आणि पेटीवर शोधायचा. हे वेगवेगळ्या दिवशी करून बघायचं, कारण एका दिवसावरून ठरवता येत नाही, झोपेतून उठल्यावरचा आणि संध्याकाळचा आवाज वेगळा असतो. साधारणपणे लहान मुलांचा सा काळी चार, काळी पाच किंवा मधल्या सप्तकातली पांढरी एक, या आसपास सापडतो. पेटीवर मधल्या सप्तकाच्या पांढरी एकवरून डावीकडं सरकत गेलात की आधी काळी पाच लागते, मग काळी चार. अगदी लहान, चार-साडेचार वर्षांचं मूल असेल तर पांढरी एकच्याही वर, काळी एक-पांढरी दोनकडं जाईल, जाऊ दे.

मग खात्री करून घ्यायची. सापडलेल्या सा पासून खाली एक सूर आणि वर पंचमापर्यंत, म्हणजे प पर्यंत, म्हणायला लावायचं. खाली आवाज नुसता हवा होऊन जात असेल तर पट्टी अर्ध्या सुरानं वर घ्या. वर जाताना मानेच्या शिरा दिसायला लागल्या, हनुवटी उचलली गेली, खांदे वर आले तर पट्टी खाली आणा. हे कानापेक्षा डोळ्यांनी जास्त कळतं, त्यामुळे गाणं न येणाऱ्या पालकालाही जमतं. आमच्या शेजारची सहा वर्षांची एक मुलगी आहे, तिला घरी खालच्या सप्तकातल्या काळी एकला बसवत होते आणि ती बिचारी पुटपुटत राहायची, काळी पाच दिली आणि तिनं सा लावला तो असा लख्ख की तिच्या आजी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. काहीही नवीन शिकवलं नव्हतं तिला, फक्त पट्टी बदलली.

पट्टी दर सहा महिन्यांनी परत बघायची, मुलं वाढतात तसा गळाही बदलतो.

तानपुरा

जिथं तानपुरे घडतात त्या मिरजेजवळ राहून मोबाईलवरचा तानपुरा वापरा असं सांगताना मला कसंतरीच होतं, पण सुरुवातीला तोच बरा. खरा तानपुरा जुळवायला स्वतःचा कान तयार लागतो, आणि उतरलेल्या तानपुऱ्यावर मूल बसवलं तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. फुकटचं ॲप मिळतं. त्यात पट्टी इंग्रजी अक्षरांत दिलेली असते तिथं बरेच जण अडकतात, तर सी म्हणजे पांढरी एक, जी शार्प म्हणजे काळी चार, ए शार्प म्हणजे काळी पाच. पहिल्या तारेला पंचम की मध्यम (म) असं विचारलं तर पंचम निवडा. मोबाईलच्या स्पीकरवर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि आवाज इतकाच ठेवा की मुलाला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे. हेडफोन लावून गायला लावू नका.

पेटीबद्दल. घरात पेटी असेल तर ती सूर दाखवायला वापरा, मुलाच्या आवाजाबरोबर सतत वाजवत बसू नका. पेटी वाजत असली की मूल तिला टेकून गातं आणि पेटी थांबली की सूर सुटतो, तानपुऱ्यावर मात्र त्याला स्वतःचा सूर स्वतः शोधावा लागतो. शिवाय पेटीचे सूर ठराविक जागी बांधलेले, तानपुऱ्याशी मिळालेला गंधार (ग) आणि पेटीचा गंधार यात थोडा फरक असतो आणि तो फरक मुलाच्या कानाला तुमच्याआधी कळायला लागतो. मुलाला पेटी वाजवायची हौस असेल तर जरूर वाजवू द्या, पण सहा-सात वर्षांपर्यंत भाता आणि पट्ट्या दोन्ही एकदम त्याच्या हाताला पुरत नाहीत, तेव्हा भाता तुम्ही मारा आणि बोटं त्याची.

नवीन वाद्य घ्यायची घाई नको. माळ्यावरची जुनी पेटी असेल तर ती आधी दुरुस्तीवाल्याकडून सुरात करून घ्या, भात्यातून हवा जाते का ते बघून घ्या, त्यातच काम होतं. खेळण्यातला तबला आणू नका, तो कुठल्याच सुरात नसतो.

लय

लयीला कसलाही खर्च नाही आणि मुलांना ती सगळ्यात आधी आवडते. मुलांची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते, आपण मोठी माणसं सावकाश टाळ्या वाजवून दाखवतो आणि मुलं पुढं पळतात, मग आपण म्हणतो हा लयीत नाही. सावकाश लय धरणं हे अवघड काम आहे, मोठ्यांनाही. त्यामुळे आधी त्याच्या चालण्याच्या, उड्या मारण्याच्या लयीत तुम्ही टाळी द्या, म्हणजे तुम्ही त्याच्याबरोबर जा, आणि महिन्याभरात हळूहळू लय थोडी थोडी कमी करत आणा.

पहिला ठेका केरवा. आठ मात्रा, म्हणजे लयीचे आठ ठोके, धा गे ना ती, न क धी ना. पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर खाली, खालीला हात नुसता बाजूला उघडायचा, आवाज नाही. मग दादरा, सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. बोल आधी तोंडानं म्हणायचे, पाढे म्हणतो तसे, आणि चालत चालत म्हणायचे, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावलं लयीत पडायला लागली की टाळी आणायची, टाळी आली की मग गाण्यावर टाळी. एकदम तीनही गोष्टी मागू नका.

आपल्याकडं याला तयार सोय आहेच की. गणपतीत आरतीला मुलाच्या हातात टाळ द्या. आपण काय करतो, लहान आहे, बेताल वाजवेल म्हणून काढून घेतो. असू दे, मागच्या रांगेत आजोबांच्या शेजारी उभं करा, आजोबांच्या हाताकडं बघून वाजवायला सांगा. बऱ्याच आरत्या केरव्यात नाहीतर दादऱ्यात बसतात, त्या दहा दिवसांत जी लय अंगात शिरते ती महिनाभर बसवून शिरत नाही. नवरात्रात हादगा असतो, मुलग्यांनाही फेरात घ्या, गोल फिरत पावलं टाकत गाणं म्हणणं म्हणजे लय आणि सूर दोन्ही एकदम. गावाकडं एखादं भजनी मंडळ असेल तर एकादशीला घेऊन जा, पखवाजाच्या जवळ बसवा, झोपलं तर झोपू दे तिथंच. संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात परवचा म्हणत असाल तर तोही लयीत टाळी देऊन म्हणा.

सा

आता गाणं. तानपुरा त्याच्या पट्टीत लावला, मांडी घालून समोरासमोर बसलात, मूल मांडीवर बसायचं म्हणालं तर मांडीवर. पहिल्यांदा सा म्हणायचाच नाही, तोंड मिटून हम्म करायचं. ओठ हलके मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, आणि नाकाच्या वर हाडाला बोट लावून बघायला सांगायचं की तिथं थरथर होते का. मुलांना ही थरथर फार आवडते. मग हम्म करता करता तोंड उघडलं की आपोआप आ येतो, त्यालाच सा म्हणायचं.

एका श्वासात पाच-सहा सेकंद टिकला तरी पुष्कळ झाला. छाती फुगवून श्वास घ्यायला शिकवू नका, पोटावर हात ठेवून श्वास घेताना पोट पुढं येतं का एवढंच बघा, झोपवून पोटावर एखादं हलकं खेळणं ठेवलं की ते वरखाली होताना त्याला स्वतःलाच दिसतं.

सूर मिळत नसेल तर काय करायचं हे नीट वाचा. चूक, परत म्हण, चूक, परत म्हण असं करायचं नाही. तुम्ही त्याच्या सुरावर जायचं. त्यानं जो सूर लावला तोच तुम्ही लावा, दोघांचा एक झाला की त्याला सांगा बघ आता आपला एक झाला, मिळाल्यासारखं वाटतंय ना. मिळणं म्हणजे काय हे त्याला आधी कळलं पाहिजे, आतापर्यंत त्याला फक्त न मिळणं माहीत आहे. एकदा ती जाणीव झाली की तिथून तुम्ही तुमचा सूर हळू सरकवत सा कडं न्यायचा आणि त्याला मागं मागं यायला सांगायचं, रिक्षा चढ चढताना आवाज जसा वर सरकत जातो तसा. बहुतेक मुलं या खेळात काही आठवड्यांत सा वर येऊन बसतात. एका कानावर हलका हात ठेवून गायला लावलं तर स्वतःचा आवाज जास्त ऐकू येतो, तेही करून बघा.

आणि एवढं करूनही महिनोन्महिने काहीच फरक नाही, शिवाय हाक मारल्यावर लक्ष जात नाही, टीव्हीचा आवाज मोठा करतंय, असं असेल तर एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सारख्या सर्दीनं लहान मुलांच्या कानात पडद्यामागं पाणी साठतं, कधी कानात नुसता मळही साठलेला असतो, आणि मग सूरच काय, बोलणंही नीट ऐकू येत नाही. याचा गाण्याशी संबंध नंतरचा, तब्येतीशी आधी.

सा नंतर पुढं

सातही सूर एकदम घोकून घ्यायची गरज नाही. आधी सा आणि प. तानपुऱ्यात हे दोन्ही वाजतच असतात त्यामुळे पंचम कानाला आयता सापडतो. मग सा रे ग, ग रे सा. मग भूप, राग म्हणून शिकवायचा नाही, त्या रागाचे सूर तेवढे घ्यायचे. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद (नि) नाहीत, सगळे शुद्ध, त्यामुळे जवळजवळचे अर्ध्या सुरांचे अवघड टप्पे येत नाहीत आणि लहान गळ्याला तो सोपा जातो. अलंकार, म्हणजे सरावाच्या ठरलेल्या सुरांच्या ओळी, असे घ्या, वर जाताना सारेग, रेगप, गपध, पधसां आणि उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. वरचा सां ताणून येत असेल तर धैवतापर्यंतच (ध) जा आणि परत फिरा, काही बिघडत नाही.

भूप महिना-दोन महिने राहू द्या, रोज त्याच सुरांचं काहीतरी नवीन करा. मुलाचं नाव त्या सुरांत म्हणा, जेवायला ये हे गपधप असं म्हणून हाक मारा आणि त्यानं रेगरेसा असं आले-आले म्हणून उत्तर द्यायचं. आमच्याकडं पोळी वाढू का, भात वाढू का हे सगळं भूपात चालायचं. मुलं स्वतः सूर जोडायला लागतात, आणि हे जोडणं मला अलंकार पाठ असण्यापेक्षा फार मोठं वाटतं. त्यानं काही नवीन जोडलं तर तुम्ही तेच म्हणून दाखवा, त्याला कळतं की आपलं ऐकलं जातंय. भूप झाला की दुर्गा रागाचे सूर घ्या, सा रे म प ध, पुन्हा पाच सूर पण गंधाराच्या जागी मध्यम, आणि एवढ्या एका बदलानं सगळं वातावरण कसं बदलतं ते मुलाला विचारा, ती फार सुंदर उत्तरं देतात.

रोज किती, कधी

दहा मिनिटं. सहा-सात वर्षांच्याला पंधरा. एवढंच, पण रोज, आणि शक्यतो ठरलेल्या वेळी. शाळेतून आल्यावर लगेच नको, भुकेलेलं नको, जेवल्या जेवल्या नको. संध्याकाळी खेळून आल्यावर हातपाय धुऊन दिवा लावला की बसायचं हे बऱ्याच घरांत जमतं. रविवारी तासभर बसू आणि मधे सुट्टी, असं करून काही होत नाही. मुलाला अजून गायचं असलं तरी थांबवा, उद्यासाठी ओढ राहिली पाहिजे. आणि एखाद्या दिवशी नाहीच म्हणालं तर तुम्ही एकट्या तानपुरा लावून बसा आणि गा, येईल शेजारी.

पाहुणे आले की गाऊन दाखव म्हणणं बंद करा. हे मी कळकळीनं सांगतेय. मुलं त्या एका प्रसंगानं गाणं सोडतात, कुणीतरी हसतं, कुणीतरी मधेच चहा घ्या म्हणतं आणि ते सगळं त्याच्या मनात राहतं. त्याला स्वतःहून म्हणायचं असेल तर मात्र सगळ्यांनी मोबाईल ठेवून ऐकायचं. तसंच दुसऱ्या मुलाशी तुलना नको, टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या मुलांशी तर मुळीच नको. त्या मुलांची नक्कल करत लहान मुलं गळा आवळून, ताणून गातात आणि आवाज बसतो. आवाज सारखा बसत असेल, घोगरा राहत असेल तर गाणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. सर्दी-खोकल्यात गायचं नाही, फक्त लय आणि ऐकणं. मैदानावर ओरडणं पूर्ण बंद होणार नाही, मूल आहे ते, पण घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलायची सवय आधी मोठ्यांनी मोडावी.

एकदा मिरजेला नेऊन आणा

सांगलीहून मिरज म्हणजे किती लांब, सिटी बसनं जाऊन येता येतं. सतारमेकर गल्लीत मुलाला घेऊन जा. तिथं साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, मूळचं हे घराणं शस्त्रं घासून-पुसून करणारं, आणि आज देशभरातले गवई इथले तानपुरे वाजवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुलाला मानांकनाचं काय, त्याला दाखवायचं ते वेगळं. वाळवलेला एवढा मोठा कडू भोपळा, ज्याचा तानपुरा होतो तो, हातात घेऊ द्या, किती हलका आहे ते बघू दे. कारागीर वेळ देत असतील तर विनंती करून जवारी, म्हणजे तारेची गुंज जमवणं, बघा. घोडीवर तार टेकते तिथं ते तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, तार छेडत छेडत, धागा केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी धागा आला की आतापर्यंत नुसती टण् वाजणारी तार एकदम उघडते आणि गुंजायला लागते. धाग्याची ती जागा मुलाला स्वतःच्या कानानं ओळखू द्या, आता उघडला का, असं विचारा. मग भोपळ्याला कान लावू द्या. परवानगी घेऊनच, आणि कामाच्या गर्दीत नको. त्यानंतर घरी तानपुरा लावला की ते मूल वेगळ्या तऱ्हेनं ऐकतं, हे मी बघितलंय.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब मिरजेला राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणं-बजावणं असतं. साताऱ्याकडच्यांना औंधचा संगीत महोत्सव आहे, १९४० पासून चालत आलेला. मुलाला सुरुवातीचा अर्धा-पाऊण तासच न्या, पुढं बसवा, तंबोरे जुळवताना बघू दे, पेंगायला लागलं की उठा. पूर्ण मैफल ऐकवायचा हट्ट नको.

क्लास आणि परीक्षा

मूल सा वर स्थिर राहतं, दोन ठेक्यांना टाळी देतं, ऐकून चार-पाच सुरांची ओळ जशीच्या तशी म्हणतं, आणि वीस मिनिटं एका जागी बसतं, एवढं झालं की क्लास शोधा. वय सात असेल किंवा नऊ, या चार गोष्टी बघा. क्लास निवडताना नाव बघू नका, एक दिवस बसून बघा. सर लहान मुलांची पट्टी वेगळी घेतात का, की सगळ्यांना एकाच पट्टीत म्हणायला लावतात? एकावेळी किती मुलं? चुकल्यावर काय बोलतात? तानपुरा लावतात की नुसती पेटी? पंचवीस मुलं एकत्र बसवून पेटीवर एकच अलंकार म्हणून घेणारा क्लास घराजवळ असला तरी मी नाही म्हणेन.

परीक्षेची बरेच पालक फार घाई करतात. पूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहून, वर्षानुवर्षं सेवा करून. पलुस्करबुवा, म्हणजे विष्णु दिगंबर, कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा, मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं असेच शिकले. पुढं त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि कुणाही घरातलं मूल फी भरून, वेळापत्रकानं, लिहिलेलं बघून गाणं शिकू शकेल अशी वाट केली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ सुरू केलं, त्याच्या परीक्षा आज आपली मुलं देतात, आणि मिरजेत त्याचं ऑफिस आहे. पहिली परीक्षा प्रारंभिक, तिला लेखी पेपर नसतो, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद अशी चढण. चांगली वाट आहे ही, शिकण्याला एक वळण लागतं. पण प्रारंभिकला बसवायचं म्हणून सात वर्षांच्या मुलाकडून रागांची माहिती पोपटासारखी पाठ करून घेतली आणि सा मात्र हलतोय, तर ते सर्टिफिकेट फ्रेम करून काय करायचं? सरांना सरळ सांगा, आम्हाला घाई नाही, तुम्हाला तयार वाटेल तेव्हा फॉर्म भरा. चांगल्या शिक्षकाला हे ऐकून बरंच वाटतं.

क्लास सुरू झाला की घरचं काम संपत नाही, बदलतं. आता तुम्ही शिकवायचं नाही, सर जे सांगतील तेच, त्यांच्याच पट्टीत, त्यांच्याच पद्धतीनं. तुम्हाला दुसरं काही माहीत असलं तरी मुलासमोर, सरांचं असं पण खरं तर असं असतं, हे म्हणू नका. क्लासमध्ये दिलेली ओळ सरांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा, रोज तानपुरा लावून द्या, शेजारी बसा, आणि महिन्यातून एकदा सरांना एवढंच विचारा की घरी आम्ही कशाकडं लक्ष देऊ.